आमच्या वेळची थंडी

डिसेंबर महिन्याचा दुसरा आठवडा होता. रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि आमच्या वसतिगृहाच्या खोलीत पंखा चालू होता. डासांमुळे म्हणा, उकाड्यामुळे म्हणा, पण चालू होता. तेवढ्यात एक मित्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "थंडी अशी राहिलीच नाही आता. आमच्या लहानपणी काय थंडी पडायची!" खोलीतील सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग एकाएकी माझ्या लक्षात आले, की आम्हा चौघांचे वय मिळून ऐंशीच्या घरात, आणि बोलणे मात्र प्रत्येकी ऐंशी वर्षांचे!

विसाव्या वर्षी 'आमच्या लहानपणी' म्हणून उसासे टाकणे हास्यास्पद आहे, हे मला मान्य आहे. पण हा उसासा आमच्यापुरता नाही. हेच वाक्य मी घरी गेल्यावर वडिलांना ऐकवले, तेव्हा नाना हसले. "तुम्ही थंडी पाहिलीच कुठं? आमच्या वेळी सकाळच्या शाळेला निघालो की सायकलचं हँडल हाताला चटका द्यायचं." ओट्यावर गहू निवडत बसलेली आजी तेवढ्यावर थोडीच गप्प बसणार! ती म्हणाली, "याला काय विचारतो? थंडी होती ती आमच्या टायमाला." तीन पिढ्या आणि प्रत्येकीची थंडी आधीच्या पिढीपेक्षा कमी. हाच हिशेब मागे नेत गेलो, तर आमच्या खापरपणजोबांच्या काळी गोदाकाठी बर्फ पडत असला पाहिजे आणि त्यांच्या आजोबांच्या काळी तर माणूस जगणेच शक्य नव्हते!

सांगायचे ते एवढेच, की या बोलण्यात कोठेतरी गफलत आहे. पण ते सर्वस्वी खोटेही नाही. त्यात खरे किती आणि आठवणीची फोडणी किती, याचा शोध घ्यावा असे मनात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझी साक्ष काढतो. आमचे गाव निफाड तालुक्यातले. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की त्यात निफाडचे नाव हटकून असते, त्यामुळे साक्षीदार म्हणून मला थोडाफार अधिकार आहे असे समजायला हरकत नाही. माझे लहानपण म्हणजे साधारण २०१० ते २०१५ ही वर्षे. तेव्हा आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि पत्र्याचे होते. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब पडत. परसात न्हाणी होती, म्हणजे चार फरश्या आणि आडोशाला पोत्याचा पडदा. बंबातले पाणी बादलीत ओतून ती न्हाणीत नेईपर्यंत त्यातील निम्मी ऊब वाटेतच जाई. खोबरेल तेलाची बाटली गोठलेली असे; आई ती उन्हात ठेवी, आणि ती वितळेपर्यंत आम्ही भावंडे भिंतीला टेकून ऊन खात बसत असू. शनिवारी सकाळची शाळा. अर्ध्या चड्डीतले उघडे गुडघे उललेले असत. गुरुजी वर्ग पटांगणात उन्हात भरवीत आणि सावली सरकेल तसा आमचा सारा वर्ग पाट्या-दप्तरासह सरकत जाई. संक्रांतीच्या आधी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेताच्या बांधावर हुरडा, रात्री शेकोटी. शेकोटीने पोट भाजे आणि पाठ गोठे. अशी ती थंडी होती.

आता याच साक्षीची उलटतपासणी करू.

तेलाची बाटली हा माझा सर्वांत भक्कम पुरावा होता. पण खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागते. चोवीस अंश! त्या तापमानाला कोणी स्वेटरही काढत नाही. म्हणजे तेल गोठले एवढ्यावरून थंडी कडाक्याची होती असे मुळीच सिद्ध होत नाही. तेल तर आजही गोठते. पण आता बाटली उन्हात ठेवायला कोणाला सवड नाही आणि आम्ही मुले तर खोबरेल लावतच नाही. पुरावा होता तो एवढ्याने निकालात निघाला.

मग घर. २०१६ साली आमचे स्लॅबचे घर झाले. पत्रा रात्री चटकन गार होतो. सिमेंटची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते सावकाश परत देत राहते. न्हाणीघर घरात आले, छपरावर सौरबंब आला, खिडक्यांना काचा लागल्या. अर्ध्या चड्डीची फुल पँट झाली. पुढे मी शिक्षणासाठी शहरात आलो, आणि शहर म्हणजे तर सिमेंट व डांबर यांची एक अखंड भिंतच. मोकळ्या शेतात आणि दाट वस्तीत पहाटेच्या वेळी काही अंशांचा फरक सहज पडतो. याचा अर्थ असा, की थंडी माझ्यापासून जितकी दूर गेली, तितकाच मीही थंडीपासून दूर गेलो आहे. मी गाव सोडले आणि दोष हवेला दिला, असा हा प्रकार आहे.

आठवणीचा आणखीही एक खोडसाळपणा आहे. ती सरासरी ठेवत नाही. लहानपणीच्या शंभर सामान्य सकाळी ती विसरते आणि दोन-तीन कडाक्याच्या सकाळी जपून ठेवते. मग त्या दोन-तीनच सगळा हिवाळा होऊन बसतात. उलट आजच्या हिवाळ्यातला प्रत्येक उकाड्याचा दिवस आपण भोगत असतो. एका बाजूला निवडक दाणे आणि दुसऱ्या बाजूला आख्खी रास, अशी ही तुलना आहे. ती न्यायाची कशी होणार?

म्हणून आठवणी बाजूला ठेवून आकड्यांकडे वळलो. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ सालची. तापमानाच्या जुन्या नोंदी पाहिल्या, तर नानांच्या आणि आजीच्या बोलण्याला काहीसा आधार मिळतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश, म्हणजे जवळजवळ गोठणबिंदूच. ज्या मुंबईत थंडी म्हणजे चेष्टेचा विषय, तेथेही सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदले गेले. तेव्हा थंडी पडत होती, ही काही दंतकथा नव्हे.

पण लगेच दुसरी नोंद पाहा. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला, आणि डिसेंबरातली एवढी थंडी त्या शहराच्या नोंदींत पूर्वी कधी नव्हती! २०१८ म्हणजे काही पुराणकाळ नव्हे. मी तेव्हा आठवीत होतो. त्याच आठवड्यात आमच्या द्राक्षबागेत नानांनी आणि काकांनी रात्रभर शेकोट्या पेटवल्या होत्या, ते मला स्पष्ट आठवते. म्हणजे माझ्या आयुष्यातील सर्वांत थंड रात्री त्या पत्र्याच्या घरातल्या नव्हत्याच. त्या स्लॅबच्या घरातल्या होत्या. पण मी तेव्हा गोधडीत होतो, खिडकीला काच होती, आणि म्हणून माझ्या आठवणीने त्या रात्रींना 'लहानपणची थंडी' या सदरात जागाच दिली नाही.

मग 'थंडी राहिली नाही' हे खोटेच काय? तसेही नाही. हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाने पूर्वीचे सगळे फेब्रुवारी मागे टाकले. पुढे दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ हा सरासरी तापमानात सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. हवामान विभागाच्या हिशेबात जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने मिळून हिवाळा होतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्यातला एक महिना असा उन्हाळ्याच्या स्वाधीन होऊ लागला, तर अर्धा हिवाळा गेल्यासारखाच आहे.

या सगळ्यातून मला जे दिसते, ते थोडक्यात असे: थंडीचा कडाका संपलेला नाही, पण तिचा मुक्काम उठत चालला आहे. पूर्वी ती माहेरवाशिणीसारखी दिवाळीला येई आणि होळीपर्यंत रमे. आता ती लग्नघरी आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखी येते; दोन दिवस मोठा गाजावाजा करते आणि पंगत उठण्याआधी निघून जाते. मधल्या दिवसांत ढग येतात, पाऊस येतो, गाराही येतात.

ढग आले की थंडी का पळते, हे आम्हा भूगोलाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर ती उष्णता निघून जाते आणि पहाट गार होते. उत्तरेकडचे वारे वाहत असतील तर अधिकच. आकाशात ढग असले तर ते ती उष्णता अडवतात. जमिनीवर जणू गोधडीच पडते. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जे वायू सोडतो, तेही अशीच एक गोधडी विणत आहेत. फरक एवढाच, की ढगांची गोधडी वारा उडवून नेतो. ही दुसरी मात्र सहजासहजी निघणारी नाही.

येथपर्यंतचा विचार खोलीत बसून करता येतो. पण या प्रश्नाशी ज्यांचे पोट बांधलेले आहे, त्यांचे म्हणणे वेगळेच आहे.

आमच्या शेतात विहिरीच्या एका अंगाला गहू असतो आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षबाग. गव्हाला थंडी हवी. थंडी चांगली असली तर त्याला फुटवे भरपूर येतात, ओंबी सावकाश भरते, दाणा टपोरा होतो. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे ते उगीच नव्हे. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे वाण तिथलेच. द्राक्षाचे नेमके उलट. कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते, साखर भरलेला मणी पहाटे तडकतो. मग शेतकरी बागेत ओळीओळीने शेकोट्या करतात आणि रात्री ठिबकचे पाणी सोडतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. त्यामुळे आमच्या घरी थंडीबद्दल एकमत कधी होतच नाही. थंडी पडली की आजी म्हणते, "गहू लागला." नाना म्हणतात, "बाग गेली." विहीर एक, बांध एक, चूल एक, आणि मागणी मात्र दोन तऱ्हेची!

पण हल्लीच्या हिवाळ्याने एक चमत्कार केला आहे. त्याने दोघांनाही एकाच वेळी हरवून दाखवले आहे. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्या भागात गारांचा पाऊस झाला. ऐन हिवाळ्यात घडांवर गारा! बाग तासाभरात बसली. नानांनी दुसऱ्या दिवशी बागेत पाऊल टाकले नाही. ते ओट्यावर बसून राहिले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ऊन इतके तापले, की उशिरा पेरलेला आमचा गहू दाणा भरण्याआधीच पिवळा पडला. चौदा-पंधरा क्विंटल देणाऱ्या एकराने अकरा दिले, आणि तेही बारीक दाण्याचे. माझे त्या वर्षीचे वसतिगृहाचे पैसे त्या गव्हातून भरायचे होते. ते उशिरा भरले गेले. कोणाविषयी तक्रार म्हणून हे सांगत नाही. 'फेब्रुवारीचे सरासरी तापमान' या कोरड्या शब्दांचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो कार्यालयाच्या खिडकीसमोर मुदत मागताना, एवढेच नोंदवतो.

म्हणूनच 'काय थंडी पडायची!' हे वाक्य आता मला पूर्वीइतके निरागस वाटत नाही. आणि याचे आणखी एक कारण आजी आहे.

दिवाळीच्या त्या सुटीत मी तिला सहज विचारले होते, "आजी, तुमच्या वेळची थंडी छान असेल नाही?" गव्हातला खडा वेचून बाजूला टाकत ती म्हणाली, "छान कसली, बाळा? एका वाकळीत आम्ही चौघी बहिणी. मधल्या दोघी झोपायच्या. कडेच्या दोघी रात्रभर वाकळ ओढायच्या." मी विचारले, "तू कुठं असायची?" ती म्हणाली, "मी थोरली. कडेला."

या एका उत्तराने माझ्या सगळ्या आठवणींचा उलगडा झाला. घरात मी शेंडेफळ. माझी जागा आईच्या आणि आजीच्या मध्ये. शेकोटीजवळ पुढची जागा माझी. बंबातले पहिले पाणी माझे. माझी थंडी गोड होती, कारण मी मधला होतो. त्याच हिवाळ्यांत नाना रात्रीच्या विजेच्या पाळीला गव्हाला पाणी भरायला जात, घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन पोटरीभर गार पाण्यात उभे राहत. ते थंडीची आठवण काढतात ती सायकलच्या हँडलापर्यंतच. त्या पाण्याविषयी ते कधी बोलत नाहीत. आमच्या शाळेच्या पलीकडच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडत. त्यांतली मुले शनिवारच्या सकाळी आमच्या उन्हातल्या वर्गाकडे लांबून पाहत उभी असत. पाचटाच्या त्या कोप्यांत पहाटे किती अंश तापमान असेल, ते कोणत्याही नोंदवहीत नाही. त्यांतला कोणी आज माझ्याएवढा झाला असेल. तो म्हणत असेल का, की आमच्या लहानपणी काय छान थंडी पडायची?

जुन्या थंडीचे गोडवे गाऊ नयेत, असे मी म्हणत नाही. हुरडा गोडच होता आणि शेकोटीभोवतीच्या गप्पाही. पण ते गोडवे गाताना आपण गोधडीत मध्ये होतो की कडेला, हे एकदा स्वतःला विचारावे. हाच प्रश्न आजच्या बदलत्या हवेलाही लागू आहे. पंख्याखाली बसून 'थंडी राहिली नाही' म्हणणारे आम्ही आजही मधलेच आहोत. कडेला आहे तो गारांनी बसलेल्या बागेचा मालक, त्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाया, आणि थंडी असो वा उकाडा, उघड्यावर संसार मांडणारा मजूर. हवा बिघडली की वाकळ आधी त्यांच्या अंगावरून ओढली जाते.

मग आपण करायचे काय? विसाव्या वर्षी जगाला उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. म्हणून एक लहानशीच सूचना करतो. आपल्या भूगोल विभागाच्या कपाटात कमाल-किमान तापमापक आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो बाहेर निघतो आणि पुन्हा आत जातो. तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, मैदानाच्या कडेला कायमचा बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान विभागाच्या नोंदीच्या वेळेला, एका विद्यार्थ्याने आकडे वहीत लिहावेत. सुटीतही खंड पडू नये, यासाठी गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. वहीत आकड्यांशेजारी एक रकाना शेऱ्याचा असावा. 'आज गव्हावर दव', 'ढगाळ, बागेत फवारणी', 'कोप्यांत लहान मूल आजारी' असे जे दिसेल ते त्यात लिहावे. आणि दरवर्षी या वार्षिकांकाचे एक पान त्या वहीसाठी राखून ठेवावे. कविता एखादी कमी झाली तरी चालेल. संपादक मंडळाने रागावू नये.

एका वर्षाच्या आकड्यांनी काहीच सिद्ध होणार नाही, हे मला ठाऊक आहे. दहा वर्षांनी थोडे कळेल, तीस वर्षांनी बरेच. तोवर आम्ही येथे नसू. पण तेव्हाच्या वसतिगृहात, पंख्याखाली बसून, एखादा मुलगा 'आमच्या लहानपणी काय थंडी पडायची' असे म्हणेलच. त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी उठून ग्रंथालयातून ती वही आणावी आणि त्याच्यापुढे ठेवावी, एवढीच माझी इच्छा आहे.

सूचना मान्य झाली, तर पहिल्या महिन्याची पाळी माझी. पहाटे उठायची सवय मोडली आहे खरी. पण या निमित्ताने का होईना, थोडी थंडी तरी वाजेल.